अर्धी गोळी

लहान मूल म्हणजे लहान आकाराचें मोठें माणूस, अशी एक समजूत आपल्या घराघरांतून फार खोल रुजलेली आहे. वडिलांचा जुना सदरा कापून मुलाचा सदरा बेतावा, त्याचप्रमाणें वडिलांच्या औषधाची गोळी मोडून मुलाचें औषध बेतावें, असा हा हिशेब असतो. कापडाच्या बाबतींत तो बरोबर उतरतो. शरीराच्या बाबतींत, आणि त्यांतही मेंदूवर काम करणाऱ्या औषधांच्या बाबतींत, तो कोठें व कसा चुकतो, हें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें. सारी हयात जालना जिल्ह्यांतल्या शाळांतून संस्कृत शिकविण्यांत गेली. डॉक्टरी शास्त्राशीं आमचा संबंध रोगी म्हणून येईल तेवढाच. परंतु आमच्या घरीं जें घडलें त्यामुळें या विषयांत शिरणें भाग पडलें. एक पुतण्या औषधनिर्माणशास्त्र शिकलेला असल्यानें त्यानें पुस्तकें आणून दिलीं, अडलें तेथें समजावून सांगितलें, आणि सेवानिवृत्तीच्या रिकाम्या दुपारीं आम्हीं तीं वाचून काढलीं. पुढें लिहिलें आहे तें त्या वाचनाचें सार होय.

घडलें तें असें. तीन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत आमच्या वाड्यांत लग्नकार्य होतें. पाहुण्यांनीं घर भरलें होतें. उन्हानें म्हणा कीं पंगतींतल्या जेवणानें म्हणा, आमच्या धाकट्या पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी ओकाऱ्यांनीं हैराण झाली. आमच्या थोरल्या वहिनींस अर्धशिशीचा जुना विकार. त्यांच्या डब्यांत ओकारी थांबविणाऱ्या मेटोक्लोप्रमाइड नांवाच्या गोळ्या नेहमीं असत. त्यांनीं मायेनें त्यांतली अर्धी गोळी पोरीस दिली. सायंकाळीं आणखी अर्धी दिली, दुसऱ्या दिवशीं सकाळीं आणखी अर्धी. ओकाऱ्या थांबल्या. वऱ्हाड निरोप घेऊन निघालें.

त्याच दुपारीं मुलीची मान हळूहळू एका बाजूस वळूं लागली. कोणी सरळ केली तरी पुन्हां वळे. मग जबडा आंवळला, जीभ बाहेर आली, डोळ्यांचीं बुबुळें वर चढलीं आणि पाठ कमानीसारखी वांकली. कांहीं क्षण सैल पडे, पुन्हां तोच प्रकार. घरांत एकच धांवपळ उडाली. कोणी म्हणालें धनुर्वात, कोणी म्हणालें आंकडी. एका पाहुणीबाईंनीं मीठ-मोहऱ्या मागविल्या. आणि एक गृहस्थ, स्वतः शिकलेसवरलेले, मोठ्यानें म्हणाले, "सोंग आहे सगळें. लग्नांत कोणी लक्ष दिलें नाहीं, म्हणून चाललें आहे. दोन थोबाडींत द्या, मान सरळ होईल."

तसें कोणी केलें नाहीं, हें ईश्वराचें उपकार. जीप काढून मुलीस तालुक्याच्या गांवीं नेलें. तेथल्या तरुण डॉक्टरांनीं तिच्याकडे एकवार पाहिलें आणि आम्हांस पहिला प्रश्न विचारला तो हा: "गुरुजी, हिला दोन दिवसांत कोणतीं औषधें दिलीं?" वहिनींनीं पदराच्या गांठींतून गोळ्यांची पट्टी काढून पुढें केली. डॉक्टर म्हणाले, "घाबरूं नका. ही आंकडी नव्हे, धनुर्वातही नव्हे. औषधानें स्नायूंस पीळ पडला आहे." अंगावर पित्त उठलें असतां देतात त्या जातीचें एक साधें औषध त्यांनीं शिरेंतून टोंचलें. दहा-पंधरा मिनिटांत मान सरळ झाली, जीभ आंत गेली आणि मुलीनें पाणी मागितलें.

परत येतांना ती आमच्या मांडीवर डोकें ठेवून निजली होती. मध्येंच डोळे उघडून म्हणाली, "आजोबा, मला सगळें ऐकूं येत होतें. मी मान सरळ करीत होतें, पण मान माझें ऐकत नव्हती. मी सोंग नव्हतें करीत." या वाक्यासाठींच हा लेख लिहिण्याची बुद्धि आम्हांस झाली. शरीर आपलें असून आपलें न ऐकणें, शुद्ध पूर्ण असणें, आणि त्या स्थितींत वडीलधाऱ्यांकडून आपणांस लबाड ठरविलें जात आहे हें कानीं पडणें, याहून मोठी असहायता नऊ वर्षांच्या जिवास दुसरी कोणती असूं शकेल?

आतां याचें कारण पाहूं. आपल्या मेंदूच्या अंतर्भागीं कांहीं केंद्रें अशीं आहेत कीं, कोणती हालचाल चालूं द्यावी आणि कोणती दाबून ठेवावी याचा निवाडा तीं अहोरात्र करीत असतात. त्यांच्यामध्यें निरोप पोंचविणारें एक रसायन आहे, त्यास डोपामिन म्हणतात. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर हा चिठ्ठी घेऊन वर्गावर्गांत फिरणारा शिपाई होय. डोपामिनरोधक औषध काय करतें? तें शिपायास मारीत नाहीं, चिठ्ठीही फाडीत नाहीं. तें वर्गाच्या दारांत पाय रोवून उभें राहतें. चिठ्ठी दाराशीं येते, पण आंत पोंचत नाहीं. मेंदूंत ओकारीची सूचना देणारीं जीं ठिकाणें आहेत, तेथेंही हाच शिपाई हिंडत असतो. म्हणून ओकारी थांबविण्यास हीं औषधें उपयोगी पडतात. परंतु मेटोक्लोप्रमाइड तेवढ्यावर थांबत नाहीं. तें हालचालीच्या केंद्रांच्या दारांतही जाऊन उभें राहतें. त्या केंद्रांत ॲसिटिलकोलिन नांवाचा दुसरा एक निरोप्या असतो. दोघांच्या तोलावर स्नायूंची शिस्त चालते. एकाचा निरोप अडला कीं दुसऱ्याचें पारडें जड होतें आणि स्नायू पिळवटूं लागतात. डॉक्टरांनीं टोंचलेल्या औषधानें या दुसऱ्याचा जोर कमी केला. तोल सांवरला आणि मान सुटली.

हें ज्ञान फार जुनें नाहीं, आणि तें मिळण्यांत आपल्या देशाचा वांटा आहे, ही गोष्ट वाचून आम्हांस मोठें समाधान वाटलें. सर्पगंधा ही वनस्पति आपल्याकडे उन्मादावर आणि निद्रानाशावर पिढ्यान् पिढ्या वापरांत होती. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग करून पाहिला आणि १९४९ मध्यें तो अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केला. तेव्हांपासून साऱ्या जगाचें लक्ष तिच्याकडे लागलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांतील रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रेसरपीन नांवाचें सत्त्व वेगळें काढलें. हें सत्त्व दारांत उभें राहत नाहीं. तें चिठ्ठ्यांचें कपाटच रिकामें करतें. स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनीं १९५७ मध्यें सशांस रेसरपीन दिलें, तेव्हां ते ससे कान पाडून जागच्या जागीं निपचित बसले. मग त्यांस एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवितें तें द्रव्य, टोंचलें. थोड्याच वेळांत ससे उठले आणि हिंडूं लागले. डोपामिन हा मेंदूंतील स्वतंत्र निरोप्या आहे आणि हालचाल त्याच्यावर अवलंबून आहे, ही गोष्ट या प्रयोगांनीं उघड झाली. याच संशोधनासाठीं २००० मध्यें कार्लसन यांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

गंमत अशी कीं, जें एल-डोपा सशांस उठवितें तें आपल्या कुंपणावरच्या खाजकुइलीच्या बियांतही आहे. मद्रासच्या दामोदरन् आणि रामस्वामी या संशोधकांनीं १९३७ मध्येंच तें त्या बियांतून वेगळें काढलें होतें. शाळेंत एकमेकांच्या सदऱ्यांत खाजकुइलीची कूस टाकणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले. कंपवातावरील औषध आपण हातांत धरलें आहे, हें त्यांच्या किंवा आमच्या स्वप्नींही नव्हतें.

ससे झाले मोठे प्राणी. मोठ्या उंदरास हॅलोपेरिडॉल नांवाचें डोपामिनरोधक औषध देऊन त्याचे पुढचे पाय एका आडव्या दांडीवर ठेवले, तर तो डोळे उघडे ठेवून तसाच राहतो. खालीं उतरत नाहीं. तो झोपलेला नसतो, लुळाही पडलेला नसतो. हालचालीचा आरंभच त्यास करतां येत नाहीं. प्रयोगशाळांतून औषधाचा जोर मोजण्याची ही एक नित्याची रीत आहे. परंतु खरा प्रश्न पुढेंच आहे. ज्या प्राण्याचा मेंदू अजून घडत आहे, त्याच्यावर हाच परिणाम याच प्रमाणांत होतो काय? येथेंच आमच्या अर्ध्या गोळीचा हिशेब उलगडतो.

याचा एक नमुना एका चिमुकल्या माशाच्या प्रयोगांत सांपडतो. झेब्रा मासा म्हणून ओळखला जाणारा हा मासा मूळचा आपल्याच देशाकडचा; गंगेच्या प्रदेशांतील माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं लिहिलेल्या १८२२ च्या ग्रंथांत त्याचें वर्णन आहे. त्याचीं पिलें कांचेसारखीं पारदर्शक असल्यामुळें शास्त्रज्ञांस तीं फार सोयीचीं पडतात. वत्सला थिरुमलाई या भारतीय विदुषीनें हॉलिस क्लाइन यांच्यासह अमेरिकेंत केलेला अभ्यास २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें त्या बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांत काम करूं लागल्या. अंडें फलित झाल्यापासून तीनच दिवसांच्या पिलास बाहेरून डोपामिन दिलें, तेव्हां मज्जातंतूंतून उमटणारा पोहण्याचा आपोआपचा ठेका बंद पडला. आणि डोपामिनचा एक विशिष्ट दरवाजा अडविणारें औषध दिलें, तेव्हां तो ठेका उलट अधिक वेळां उमटूं लागला! सहा-सात दिवसांच्या पिलांवरील इतर प्रयोगांत मात्र हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानें हालचाल मंदावलेली दिसली. म्हणजे ज्या जातीचें औषध मोठ्यास जखडून टाकतें, त्याच जातीच्या औषधानें त्या कोंवळ्या पिलाच्या हालचालीचा लगाम सैल होतो. रसायन तेंच, प्राणी तोच. वयांत फरक मोजक्या दिवसांचा आणि परिणाम विरुद्ध.

दुसरा नमुना उंदराच्या पिलांचा. मोठ्या उंदराच्या मेंदूंतील डोपामिन एका विषारी द्रव्यानें जवळजवळ नाहींसें केलें, तर तो हालत नाहीं, खात नाहीं, आणि हातानें भरविला नाहीं तर मरतो. परंतु हीच हानि जन्मल्यावर थोड्या दिवसांत केली, तर तें पिलूं आईस लुचत राहतें, वजनानें कमी भरलें तरी वाढतें, यथाकाळ आपलें आपण खाऊं लागतें. १९८० च्या दशकांत अमेरिकेंतील अनेक संशोधकांस हा अनुभव आला. यावरून कोणी असें समजूं नये कीं, बालमेंदू अधिक काटक असून त्यास कांहीं होत नाहीं. त्या पिलांच्या वागण्यांत पुढें वेगळे दोष दिसतातच. अर्थ एवढाच कीं, बालमेंदूचे नियम निराळे आहेत. कांहीं बाबतींत तो आश्चर्यकारक रीतीनें तरून जातो, तर कांहीं बाबतींत मोठ्यांपेक्षां लौकर कोलमडतो.

माणसाच्या मुलांची गोष्ट या दुसऱ्या वर्गांतली आहे. डोपामिनचे कांहीं दरवाजे बालपणीं आणि पौगंडावस्थेंत मेंदूंत अधिक दाट असतात, वयाबरोबर ते विरळ होत जातात. मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधानें पडणारा पीळ मुलांत आणि तरुणांत अधिक दिसतो तो बहुधा यामुळेंच. आणि तो कित्येकदां बेतशीर मात्रेंतही पडतो. तान्ह्या मुलांत आणखी एक अडचण आहे. रक्तांतील नको तीं द्रव्यें मेंदूंत शिरूं नयेत म्हणून निसर्गानें जी गाळणी ठेविली आहे, ती त्या वयांत पुरती घट्ट झालेली नसते. त्यामुळें मोठ्यांच्या मेंदूंत फारसें न शिरणारें डोमपेरिडॉनसारखें औषधही तान्ह्याच्या बाबतींत जपून वापरावें लागतें. याच विचारानें युरोपांतील औषधनियामक संस्थेनें २०१३ मध्यें एक वर्षाच्या आंतील बालकांस मेटोक्लोप्रमाइड मुळींच देऊं नये आणि मोठ्यांसही तें पांच दिवसांपलीकडे देऊं नये, असा सल्ला दिला. अमेरिकेच्या अशाच संस्थेनें २०११ मध्यें आणखी एक सूचना काढली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईनें मानसिक आजारावरचीं याच जातीचीं औषधें घेतलीं असतां नवजात अर्भकाच्या स्नायूंत ताठरपणा, कंप किंवा कमालीचा सैलपणा दिसूं शकतो, याकडे तिनें लक्ष वेधलें.

आमच्या संस्कृत शिक्षणामुळें मन साहजिकच जुन्या ग्रंथांकडे वळलें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत स्कंद, शकुनी, रेवती, पूतना इत्यादि नऊ बालग्रह सांगितले आहेत. ग्रह् या धातूचा अर्थ धरणें, पकडणें. मूल एकाएकीं वांकडें होतें, डोळे फिरवितें, दांत खातें, तेव्हां त्यास कोणीतरी धरलें आहे असें प्राचीनांस वाटलें, यांत नवल नाहीं. आमच्या नातीकडे पाहतांना क्षणभर आम्हांसही तसेंच वाटलें होतें. परंतु त्याच परंपरेनें कौमारभृत्य, म्हणजे बालकांचें संगोपन व चिकित्सा, हें आयुर्वेदाचें एक स्वतंत्र अंग मानिलें, ही गोष्ट आपण विसरतों. चरकाचार्यांनींही एके ठिकाणीं सांगितलें आहे कीं, रोग तेच असले तरी बालकाचें कोंवळेपण, त्याचें परावलंबित्व आणि बोलण्याचें व हालचालीचें त्याचें असामर्थ्य लक्षांत घेऊन त्यास सौम्य औषध थोड्या प्रमाणांत द्यावें. यांतल्या असामर्थ्याच्या मुद्द्यावर आम्ही पुष्कळ वेळ विचार करीत बसलों. मुलास काय होतें आहे तें त्यास सांगतां येत नाहीं, आणि सांगितलें तरी घरांत त्यावर विश्वास बसतोच असें नाहीं. औषध देणाऱ्यानें लक्षांत घ्यावयाची ही गोष्ट वजनकांट्यावर कधींच दिसत नाहीं.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. हा लेख वाचून डोपामिनरोधक औषधांविषयीं कोणाच्या मनांत भीति बसूं नये. १९५२ मध्यें पॅरिसच्या रुग्णालयांत क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मानसिक आजारावर उपयोग सुरू झाला, आणि ज्यांस जन्मभर कोंडून ठेवीत असत असे कितीतरी रोगी त्या औषधांमुळें आपल्या घरीं परतले. एकत्र कुटुंबांत असा एखादा दीर, नणंद किंवा काका असतो, ज्याच्याविषयीं चारचौघांत बोललें जात नाहीं. त्याचें औषध अशा लेखांवरून कोणी बंद केलें, तर तो मोठा अनर्थ होईल. हात कांपूं लागले, चाल जखडली, जबडा आपोआप हलूं लागला, तर तें डॉक्टरांस सांगावें. मात्रा कमी करावयाची कीं औषध बदलावयाचें, हें त्यांनीं ठरवावें. मुलांसही कित्येक प्रसंगीं हीं औषधें द्यावीं लागतात, आणि जाणता वैद्य तीं तोलून देतो. आमचा आक्षेप औषधावर नाहीं. मोठ्यांच्या डब्यांतून मुलाच्या तोंडांत जाणाऱ्या अर्ध्या गोळीवर आहे.

तेव्हां घरांतील कर्त्या स्त्रीपुरुषांस आमचें सांगणें थोडकें आहे. मोठ्यांच्या नांवें लिहून दिलेलें औषध मुलास देऊं नये, मग तें अर्धें असो वा पाव. मुलास ओकाऱ्या होत असतां पहिली चिंता अंगांतलें पाणी जाण्याची करावी. मीठ-साखरेचें पाणी चमच्याचमच्यानें देत राहावें, आणि ओकारी थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावें. मूल शुद्धीवर असून मान, जीभ किंवा डोळे एकाएकीं वांकडे होऊं लागले, तर अंगारा आणि थोबाडींत दोन्ही बाजूस ठेवून त्यास ताबडतोब रुग्णालयांत न्यावें आणि गेल्या दोन-तीन दिवसांत दिलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्या. धनुर्वात किंवा आंकडी असली तरी जावयाचें तेथेंच आहे, म्हणून घरीं निदान करीत बसण्यांत वेळ दवडूं नये. आणि शेवटची गोष्ट, जी कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर छापलेली नसते: मूल 'मला होत नाहीं' असें म्हणेल तेव्हां तें खरें असूं शकतें, एवढें आधीं गृहीत धरावें. सोंग ठरविण्यास पुढें हवा तितका वेळ असतो.

वहिनींस आम्हीं कधीं दोष दिला नाहीं. त्यांनीं केलें तें मायेनेंच केलें, आणि पट्टी पदरांत बांधून नेण्याचें अवधानही त्यांसच राहिलें होतें. मायेस थोड्या माहितीची जोड हवी, इतकेंच. वाचकांपैकीं एखाद्या घरीं हा लेख वाचून औषधांचा डबा उघडला गेला, आणि मोठ्यांचीं व मुलांचीं औषधें निराळीं ठेविलीं गेलीं, तर आमचे श्रम कारणीं लागले असें आम्ही समजूं.